आपली कला दुसऱ्याला शिकवू या

कोल्हापूरला बाजाराला गेलात, तर एकदा राजारामपुरीत फेरी मारा. छत्रपती शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज. त्यांचे नाव या वस्तीला दिले आहे. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. पत्ता विचारला, की लोक गल्लीचा नंबर सांगतात.

या गल्ल्यांत दुकाने आहेत, दवाखाने आहेत, आणि क्लासच्या पाट्या तर किती! कुठे शिवणकाम शिकवतात, कुठे चित्रे काढायला शिकवतात, कुठे गाणे. खेड्यातला माणूस या पाट्या वाचतो. आता तुम्हांला वाचता येते, तुम्हीही वाचाल. आणि मनात काय येते? "ही शिकलेली माणसं. शिकवायचं काम यांचं. आपल्याला काय येतंय?"

याच प्रश्नाविषयी आज आपण बोलू.

तुमच्या गावात एखादी आक्का असेल. तिच्या हातची वाकळ म्हणजे बघत राहावे अशी. टाका कसा, एकासारखा एक. थंडीत ती वाकळ अंगावर घेतली, की रजई नको वाटते. शेजारची नवी सून तिला म्हणते, "आक्का, मला वाकळ शिवायला शिकवा की."

आक्का हसते आणि म्हणते, "मला काय येतंय गं? आई करायची, ते बघून करतो झालं. शिकवायला काय मी मास्तरीण हाय?"

सून गप्प बसते. पुन्हा विचारत नाही. काही वर्षांनी आक्का म्हातारी होते, तिची नजर कमी होते. एक दिवस आक्का जाते. तिच्या मागे चार वाकळा उरतात. त्याही वापरून विरतात. मग गावात तशी वाकळ शिवणारे कोणी उरत नाही.

सोने चोरीला गेले तर गाव गोळा होतो. अशी कला गेली तर कोणाला पत्ताही लागत नाही. आणि हे चोराने नेलेले नसते. "मला काय येतंय" या तीन शब्दांनी नेलेले असते.

वाकळीचेच कशाला? कोणी ढोलकी वाजवतो, कोणी हलगी. कोणाला भजनाच्या चाली येतात. कोणी मातीचे बैल करतो, कोणी बांबूच्या टोपल्या विणतो. कोणाची रांगोळी बघायला गल्ली जमते. या सगळ्यांना शिकवता येईल. पण मनात भीती असते. ही भीती कोणकोणती असते, ते एकेक करून पाहू.

पहिली भीती : मी शाळा शिकलो नाही

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत एक घर आहे. ते चंद्रकांत मांडरे यांचे. चंद्रकांत १९१३ साली जन्मले आणि २००१ साली वारले. मराठी सिनेमातले ते नामांकित नट. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांचे सिनेमे पाहिले असतील. पण ते मोठे चित्रकारही होते, हे पुष्कळांना माहीत नसते. कोरड्या रंगाची भुकटी कागदावर घासून ते डोंगर, झाडे, पाणी असे देखावे काढत. आपले घर आणि आपली चित्रे त्यांनी सरकारच्या स्वाधीन केली. आता तिथे त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय आहे. त्यांची चित्रे लोकांना बघायला मिळतात.

आता विचारा, चंद्रकांतांचे गुरू कोण? त्यांचे गुरू बाबूराव पेंटर.

आणि बाबूरावांचे गुरू कोण? इथेच खरी गंमत आहे. बाबूराव चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत गेले नव्हते.

बाबूराव १८९० साली कोल्हापुरात जन्मले. त्यांचे आडनाव मेस्त्री. घर कारागिराचे. हत्यारे आणि हातकाम त्यांनी लहानपणापासून पाहिले. बघून बघून, करून करून ते शिकले. त्यांचे चुलत भाऊ आनंदराव हेही तसेच. दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पडद्यावर राजवाडा असा काढीत, की आत शिरावेसे वाटे. चित्रे रंगवितात म्हणून लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. तेच त्यांचे आडनाव झाले.

पुढे या भावांना सिनेमाचा नाद लागला. कॅमेरा विकत घ्यायला पैसा कुठला? मग त्यांनी ठरवले, की कॅमेरा आपणच बनवायचा. काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. जोडीचा भाऊ गेला. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांना जोडीला घेऊन त्यांनी कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा लोकांपुढे आला. तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता, नुसती हलती चित्रे असत.

ही कंपनी म्हणजे कारखानाही होता आणि शाळाही होती. तिथे फळा नव्हता, खडू नव्हता, परीक्षा नव्हती. पोरे यायची आणि पडेल ते काम करायची. रंग कालवायचा, लाकूड तासायचे, सामान उचलायचे. बाबूराव काम करत आणि पोरे बघत. मग पोरे काम करत आणि बाबूराव बघत. कोल्हापूरचाच शांताराम नावाचा एक तरुण तिथे असाच हरकाम्या म्हणून आला. पुढे तो व्ही. शांताराम म्हणून सगळ्या देशात गाजला.

दामले आणि फत्तेलाल हे दोघेही याच कंपनीत तयार झाले. या दोघांनी मिळून १९३६ साली 'संत तुकाराम' हा सिनेमा केला. इटली देशात व्हेनिस नावाचे शहर आहे. तिथे १९३७ साली जगातले सिनेमे जमले होते. त्यात आपल्या तुकोबांच्या सिनेमाचा गौरव झाला.

आता सांगा, हे सगळे ज्यांच्या हाताखाली घडले, त्या बाबूरावांकडे चित्रकलेच्या शाळेचा कागद होता काय? नव्हता. त्यांच्याकडे कला होती आणि दुसऱ्याला जवळ बसवून घेण्याची तयारी होती.

म्हणून शाळेचा कागद नाही, ही अडचण खरी अडचण नव्हे. सरकारी नोकरीला कागद लागतो. शेजारच्या सुनेला टाका दाखवायला लागत नाही.

दुसरी भीती : मला पुरते कुठे येते?

कोणी म्हणतो, "ढोलकी वाजवतो मी, पण अजून पुष्कळ यायचंय. पुरतं आलं म्हणजे शिकवीन."

ऐकायला हे बरे वाटते. पण पुरते कोणाला कधी आले आहे? विहिरीत पाणी किती आहे, हे मोजून कोणी तहानलेल्याला पाणी देत नाही. आपल्याकडे घागरभर असेल, तर तांब्याभर द्यायला काय हरकत?

सावित्रीबाई फुले यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली त्यांचा जन्म झाला. १८४० साली लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवले. आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. हिशेब करून पाहा. लग्नानंतर आठ वर्षांत अक्षर न येणारी मुलगी शिक्षिका झाली. जगातले सगळे पुस्तकज्ञान येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या, तर त्या मुलींनी कोणाची वाट पाहायची?

तुमचेच उदाहरण घ्या. तुम्ही हे पुस्तक वाचत आहात. 'क' कसा काढायचा, हे तुम्हांला कालपरवाच उमगले. म्हणून 'क' काढताना हात कुठे अडतो, हे तुम्हांला चांगले आठवते. जन्मभर वाचणाऱ्या पंडिताला ते आठवत नाही. नव्याने शिकलेला माणूस नव्या माणसाची अडचण लवकर ओळखतो. हा त्याचा कमीपणा नाही. हे त्याचे भांडवल आहे.

काही जणांची भीती निराळी असते. ते म्हणतात, "आता माझा हात पहिल्यासारखा राहिला नाही. गळा बसला. मी काय शिकवू?" त्यांनी अल्लादियाखाँ साहेबांची गोष्ट ध्यानात ठेवावी. हे फार मोठे गवई. शाहू महाराजांच्या काळात ते कोल्हापूर दरबारी होते. तरुणपणी अतिशय गाण्याने त्यांचा आवाज गेला होता. गवयाचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याचे शेत वाहून जाणे. पण खाँसाहेबांनी रियाज सोडला नाही. जो आवाज उरला, त्याला साजेल अशी गाण्याची नवी रीत त्यांनी बसवली. पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा थोर गायिका त्यांच्याजवळ शिकून तयार झाल्या. मोडल्या आवाजातून नवी रीत निघाली, आणि ती शिकवली म्हणून टिकली.

तिसरी भीती : लोक हसतील

हसतील. काही जण हसतीलच. "बघा, ही आली मोठी मास्तरीण," असे म्हणतील. खोटा धीर आम्ही देत नाही.

सावित्रीबाई शाळेत जायला निघाल्या, की लोक त्यांच्यावर शेण आणि दगड मारीत. तरी त्या रोज शाळेत गेल्या. आपल्यावर कोणी शेण फेकणार नाही. फार तर दोन बोलणी येतील. ती चार दिवस टिकतात. शिकणारीच्या हातून पहिली वाकळ तयार झाली, की हसणारीच विचारायला येते, "माझ्या पोरीला पण घेतीस काय गं?"

साक्षरतेचा वर्ग पहिल्यांदा घ्यायचा होता, तेव्हा आम्हीही घाबरलो होतो. समोर आमच्यापेक्षा वयाने मोठी माणसे बसलेली. त्यांनी शेती केलेली, संसार केलेले. त्यांना आम्ही काय शिकवणार? पहिल्या दिवशी आमच्या हातातला खडू दोनदा खाली पडला. एक आजोबा म्हणाले, "पोरा, घाबरू नको. आम्ही पण घाबरलोय." सगळे हसले, आम्हीही हसलो. तेव्हापासून वर्ग सुरळीत चालला. तेव्हा आम्हांला कळले, की भीती दोन्हीकडे असते. शिकवणाऱ्याला वाटते, मला जमेल काय? शिकणाऱ्यालाही तेच वाटते.

चौथी भीती : शिकवले तर माझे गिऱ्हाईक जाईल

ही भीती कारागिराला असते. ती अगदीच खोटी नाही. म्हणून नीट विचार करू.

बाबूराव पेंटरांच्या बाबतीत असे झाले होते. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि त्यांचे सोबती १९२९ साली त्यांची कंपनी सोडून गेले. कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांच्या कंपनीला हा मोठा धक्का होता. पुढे ती कंपनी बंद पडली. बाबूराव पुन्हा चित्रांकडे आणि मूर्तींकडे वळले. १९५४ साली ते वारले.

मग शिकवून त्यांनी चूक केली काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांची कंपनी राहिली नाही. पण आज सिनेमाचा इतिहास सांगताना बाबूरावांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांच्या हाताखालची माणसे मोठी झाली, म्हणून गुरूचे नाव मोठे झाले. शिकवले नसते तरी कंपनी कधी ना कधी संपलीच असती. मग मागे काय उरले असते?

आपल्या गावात तर एवढी मोठी स्पर्धाही नसते. एकटी बाई वर्षाला किती वाकळा शिवणार? शहरातून दहा वाकळा मागितल्या, तर एकटीला पुऱ्या होत नाहीत. चौघी असतील तर ते काम घेता येते. बचत गटातून विकता येते. कित्येकदा गिऱ्हाईक शिकवल्याने जात नाही, वेळेवर माल न दिल्याने जाते.

आणखी एक गोष्ट लोक आजकाल बोलतात. "मोबाईलवर सगळं दिसतंय. आमच्याकडं कोण येणार?" मोबाईलवर पुष्कळ दिसते, हे खरे. पण मोबाईलला तुमचा हात दिसत नाही. तुम्ही सुई वाकडी धरली, तर तो "थांब" म्हणत नाही. जवळ बसलेली आक्का म्हणते. म्हणून आक्काची गरज संपत नाही.

सुरुवात कशी करावी?

भीती समजली. आता काम कसे करायचे ते सांगतो. वाकळीचेच उदाहरण घेऊ. तुमची कला दुसरी असेल, तर ही रीत तिला लावून पाहा.

एक. पाटी लावू नका, मांडव घालू नका. एकच शिकणारी घ्या. फार तर दोघी. ओळखीची असेल तर बरे. दुपारची निवांत वेळ धरा आणि वार ठरवा. ठरलेली वेळ मोडू नका.

दोन. आधी आपल्याच हाताकडे बघा. वर्षानुवर्षे काम केले, की हात आपोआप चालतो. मग तोंडाने सांगता येत नाही. म्हणून शिकवण्याच्या आदल्या दिवशी एकटीने काम करा आणि मोठ्याने बोलत करा. "आता मी कापड धुऊन वाळवलं. आता शिवणी उसवल्या. आता तळाला लुगडं अंथरलं. आता मधे जुन्या कापडांचे थर घातले. आता वरचं कापड टाकलं. आता तळहातानं सुरकुत्या काढल्या. थर सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घातले. आता धावदोरा घालते." बघा, "मला काय येतंय" म्हणणाऱ्या आक्काला आठ गोष्टी येत होत्या!

तीन. एका दिवशी एकच गोष्ट शिकवा. पहिल्या दिवशी नुसता धावदोरा. जुन्या फडक्यावर एक ओळ सरळ आली, तरी पुष्कळ झाले.

चार. पहिली वस्तू लहान असू द्या. मोठी वाकळ पुरी व्हायला फार दिवस लागतात. तोवर शिकणारी कंटाळते. आधी एक बसकर करून घ्या. ते थोड्या दिवसांत होते. आपल्या हाताने पुरी केलेली वस्तू बघितली, की तिला हुरूप येतो. तुम्हांलाही येतो.

पाच. सुई हिसकावून घेऊ नका. हे सगळ्यांत अवघड आहे. तिचा टाका वाकडा जातो, आपला हात शिवशिवतो. "आण इकडं" असे तोंडात येते. पण आपण शिवून दिले, तर टाका सरळ होईल आणि ती मात्र शिकणार नाही. तिलाच उसवू द्या. तिलाच पुन्हा घालू द्या.

सहा. आधी चांगले काय झाले ते सांगा, मग चूक सांगा. "टाके बारीक आलेत, छान. आता ओळ तेवढी सरळ धर." असे बोलले, की माणूस ऐकतो. नुसते "हे काय केलंस?" म्हटले, की उद्या तो येत नाही.

सात. येत नसेल ते "येत नाही" म्हणा. शिकणारीने काही नवे विचारले आणि ते आपल्याला माहीत नसले, तर लाजू नका. "हे मला येत नाही. आपण दोघी मिळून करून बघू." असे म्हणणाऱ्याची किंमत कमी होत नाही. माहीत नसताना ठोकून देणाऱ्याची होते.

आठ. पैशाचे आधी बोलून घ्या. पहिल्या एकदोघींना फुकट शिकवावे असे वाटले, तर शिकवा. सुईदोरा त्यांनी आणावा. पुढे माणसे वाढली, तर थोडी फी घ्यायला हरकत नाही. कष्टाचे मोल घेण्यात कमीपणा नसतो. पण किती ते पहिल्याच दिवशी सांगा. मागून बोलले, की मने दुखावतात.

भीती जाते कधी?

पुष्कळांना वाटते, की आधी भीती जाईल, मग आपण सुरुवात करू. तसे होत नाही. पोहणे आले म्हणजे पाण्यात उतरेन, असे कोणी म्हणाले, तर त्याला पोहणे कधी येईल? आधी पाण्यात उतरावे लागते, पण कडेला, कमरेइतक्या पाण्यात. तसेच हे. आधी एका माणसाला एक गोष्ट शिकवा. भीती हळूहळू जाते. थोडी राहिली तरी बिघडत नाही. थोडी भीती असली, की माणूस तयारी करून येतो.

आणखी एक नफा आहे. दुसऱ्याला शिकवताना आपलीच कला वाढते. शिकणारी विचारते, "आक्का, दोरा एवढाच लांब का घ्यायचा?" आक्काने याचा कधी विचार केलेला नसतो. ती विचार करते आणि म्हणते, "लांब घेतला की गुंता होतो गं." हे तिच्या हाताला ठाऊक होते. आता मनालाही कळले.

राजारामपुरीतल्या त्या घरातली चित्रे बघाल, तेव्हा एक गोष्ट आठवा. ती चित्रे चंद्रकांतांनी काढली. पण त्यांच्या हातामागे बाबूरावांचा हात होता. एक हात दुसऱ्या हातात कला देतो, म्हणून कला जिवंत राहते. तुमच्या हातातही कोणी तरी दिली आहे. आईने दिली असेल, बापाने, नाही तर शेजाऱ्याने. ती तुमच्यापाशी अडवून ठेवू नका.

आता त्या सुनेने पुन्हा विचारले, "आक्का, मला शिकवा की," तर आक्काने काय म्हणावे?

"ये उद्या दुपारी. येताना एक सुई आणि जुनं फडकं घेऊन ये."

एवढेच म्हणावे. तिथून शाळा सुरू झाली.

सांगा पाहू

१. बाबूराव पेंटर चित्रे काढायला कसे शिकले?
२. शिकणाऱ्याच्या हातातली सुई का हिसकावू नये?
३. शिकणाऱ्याला पहिली वस्तू लहान का करायला द्यावी?
४. तुम्हांला कोणती कला येते? ती तुम्हांला कोणी दिली? त्यांचे नाव वहीत लिहा. त्याखाली, ती कला तुम्ही कोणाला देणार, त्याचे नाव लिहा.